तोफ आणि तंबूचे चार कोपरे

‘जपून’ हा शब्द तोफेला, म्हणजे आम्ही जिला हे नाव ठेवलं होतं त्या बाईला, शिवीसारखा लागायचा. मँचेस्टरच्या बर्फात कुणी चुकून “जपून हं” म्हणालं, की ती मुद्दाम निसरड्या बाजूने चालायची. आणि घसरायची नाही. घसरायचंच असेल तर बर्फाने घसरावं, असा बाणा.

हयातभर तिने हॉस्पिटलात भूल द्यायचं काम केलं. अर्धं शहर झोपवलं, स्वतः मात्र पंचाहत्तरीलाही टेकायला तयार नव्हती. मी आणि माझा मित्र शिरीष, तिचे शेजारी, तिच्या निम्म्या वयाचे, पण आम्हाला ‘तुम्ही’ म्हणायची बंदी. “तुम्ही म्हटलं की लोक खुर्ची आणून देतात,” ती म्हणायची. “तू म्हण, म्हणजे सामान उचलायला देशील.”

एका हिवाळ्यात ती बाथरूममध्ये पडली. रीडिंगला राहणाऱ्या लेकीने, मृणालने, ताबडतोब आपल्या घराजवळ वयस्कर लोकांसाठीचा फ्लॅट शोधला. प्रत्येक खोलीत मदतीसाठी ओढायची लाल दोरी! तोफेने तो हिंडून बघितला. “छान आहे. तुझ्या म्हातारपणी घे.”

भांडणातून पैज निघाली. तोफ उन्हाळ्यात आमच्याबरोबर स्कॉटलंडच्या बेटावर येणार, वीकएंडभर तंबूत राहणार. तंबू सोडून हॉटेलात गेली, तर घर विकून रीडिंग. टिकली, तर मृणालने फ्लॅटचं नाव काढायचं नाही.

बेटाकडे नेणाऱ्या फेरीबोटीवर गाडीची डिकी उघडली आणि शिरीष किंचाळला, “अगं, तीन माणसांना दहा किलो तांदूळ?”

“कुणी आलं-गेलं तर?”

“बेटावर कोण येणार? सील?”

“आला तर उपाशी पाठवशील?”

बेटावर तंबू पसरला तेव्हा कळलं, तंबूच्या खुंट्याच नाहीत. तोफ शांतपणे म्हणाली, “ती जड पिशवी ना? मी घरी काढून ठेवली. कुकर मावत नव्हता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. साधासुधा नव्हे. एक मेंढी माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या बेटावर उडत गेली. शिरीष म्हणतो, ती प्लास्टिकची पिशवी होती. शिरीषला चष्मा आहे. कॅम्पसाइटचा मॅनेजर येऊन सगळ्यांना गावच्या हॉलमध्ये चला म्हणाला. जन्मापासून वारा पिऊन वाढलेले स्कॉटिश लोकही मुकाट निघाले.

तोफ हलली नाही. तिने एका कोपऱ्यात तांदळाचं पोतं ठेवलं, दुसऱ्यात कुकर, तिसऱ्यात लोणच्याची बरणी आणि वर माझे बूट. चौथ्या कोपऱ्याला शिरीषला बसवलं. “हलू नकोस. आज पहिल्यांदा तुझ्या पोटाचा उपयोग होतोय.”

तेवढ्यात मृणालचा फोन, इंग्लंडात वाढलेल्या तिच्या मोडक्या मराठीत. “आई, हवामान बघितला मी. हॉटेलला जा, प्लीज. मला तुझा काळजी वाटतो. पैज विसर.”

“विसरू? म्हणजे मी जिंकले?”

“नाही!”

“मग ठेव फोन. वाऱ्यात ऐकू येत नाही.” चांगलं खणखणीत ऐकू येत होतं.

फोन ठेवल्यावर तिने कोपऱ्यातलं पोतं पुन्हा एकदा दाबून बघितलं. मी म्हणालो, “चल, हॉलमध्ये जाऊ. आम्ही कुणाला सांगणार नाही.”

“मला कळेल ना,” ती म्हणाली. “आज वाऱ्याला घाबरून उठले, तर उद्या लोक सांगतील तिथे बसावं लागेल.” आणि तंबूचं कापड दोन्ही मुठींत धरून वाऱ्याला अशा अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या, की संध्याकाळपर्यंत तो ओशाळून पडला. हॉलमधून परतलेल्या अख्ख्या कॅम्पसाइटने आमच्याकडे खिचडी खाल्ली. दहा किलोही कमीच पडले.

तोफ स्वतःच्या घरातच राहिली. तडजोड म्हणून बाथरूममध्ये एक लाल दोरी लावू दिली आणि तिच्यावर पायमोजे वाळत घातले. पुढे एका सकाळी, आपल्याच पलंगावर, कुणाला न विचारता गेली.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याबरोबर मृणाल आली. खुंट्या होत्या, तरी पोतं आणलं होतं. ते खांद्यावर घेऊन ती बोटीच्या धक्क्याच्या ओल्या पायऱ्या कठडा धरून उतरत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “जपून हं!”

ती थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. मग कठडा सोडला आणि पायऱ्यांच्या शेवाळलेल्या बाजूने उतरू लागली.