फ्रान्सला नेलेला तांदूळ

बोटीवर चढताना माझ्या ट्रंकेत दोन सदरे, एक उसना कोट, आमच्या पत्रकांचा गठ्ठा आणि फडक्यात बांधलेला शेरभर तांदूळ होता. पत्रकं युवक संमेलनासाठी होती. लोकांच्या वर्गणीतून मला प्रतिनिधी म्हणून युरोपात पाठवलं होतं. तांदूळ मित्राच्या आईनं दिला होता. मित्र काही वर्षांपासून दक्षिण फ्रान्समध्ये रसायनशास्त्र शिकत होता आणि संमेलन आटोपल्यावर मी आठवडाभर त्याच्याकडे राहणार होतो.

त्याचं घर बदलापूरजवळ, कात्रपला. आगरी कुटुंब, थोडी भातशेती. मामांची खाडीकाठी मिठागरं. तांदूळ घ्यायला गेलो तेव्हा चुलीवर सगळ्यांसाठी भात शिजत होता आणि त्याच्या आईच्या ताटलीत मात्र नाचणीची भाकरी होती. मुलगा फ्रान्सला गेला त्या दिवसापासून तिनं घरच्या शेतातला तांदूळ सोडला होता. तो येऊन शेजारी जेवायला बसेल तेव्हाच खायचा. सगळा जन्म भातावर काढलेल्या बाईनं भात सोडायचा! नवस-सायासांवर मी पत्रक लिहिलेलं होतं. तिथंच उभ्या उभ्या मी भाषण सुरू केलं.

"त्या ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याला यातला कायबी सांगू नको, बाला. माज्यासाठी नको यायला. आपले मनान आला पायजे. तू नुसता इचार, येतंय का न्हाय, आन मना खरा सांग."

हे मात्र मला पटलं. दडपणानं मिळवलेला होकार काय कामाचा? मी शब्द दिला.

मित्र फ्रान्सला जाण्याआधी आम्ही दोघं अंबरनाथला कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटत असू. छापायची सोय उल्हासनगरात होती. निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका बराकीत एका सिंधी गृहस्थानं पायानं चालवायचं यंत्र टाकलं होतं. मी लिहायचो, मित्र छपाईचे खिळे जुळवायचा आणि जुळवता जुळवता माझी विशेषणं काढून टाकायचा. "साईं, तुमचा दोस्त कागद वाचवतो," तो सिंधी म्हणायचा. मित्र गेल्यापासून माझी पत्रकं लांबत चालली होती.

संमेलन आटोपून त्याच्या गावी उतरलो, तेव्हा स्टेशनवर मित्रानं मला मिठी मारली. गळ्यात मफलर, हातात आगगाडीचं वेळापत्रक. त्यानं माझ्यासाठी गावं ठरवून ठेवली होती.

पहिल्यांदा आव्हिन्यों. तिथं पोपांचा जुना राजवाडा आहे, डोंगरासारखा. मान वर करून मी विचारलं, "हे बांधणारे गवंडी कुठं राहत होते?"

"लेका, आधी बघ तरी. पत्रक नंतर काढ."

"गवंड्यांची नावं आहेत का कुठं?"

"पोपांची तरी तुला कुठं माहीत आहेत?" तो हसला आणि कमानींबद्दल सांगू लागला. छान सांगत होता. मी ऐकत होतो, पण तो हे कुणा दुसऱ्याला सांगत असावा असं वाटत राहिलं.

मधल्या दिवसांत तो प्रयोगशाळेत जायचा आणि मी एकटा भटकायचो. फाटकावर शेकडो माणसांना हाका मारणारा मी, तिथं दिवसभरात कुणाशी एक शब्द बोललो नाही. चौकातल्या कारंज्याजवळ बसून पाव खायचा. म्हातारे लोखंडी गोळे फेकत खेळायचे, ते बघायचं. एकदा एक गोळा माझ्या पायाशी आला. मी उचलून दिला. म्हातारा काहीतरी बोलला, मी हसलो, तो पुन्हा खेळायला गेला. त्या दिवशी माझं तेवढंच संभाषण. गठ्ठ्यात एक पत्रक उरलं होतं, ते काढून वाचलं. आपलंच, मराठीतलं. "बंधूंनो" या शब्दापुढे मला जाता येईना.

रविवारी आर्ल. रोमन काळातलं प्रचंड दगडी रिंगण. मित्र म्हणाला, मधल्या काही शतकांत लोकांनी या रिंगणातच घरं बांधली होती. आत गल्ल्या होत्या, देवळं होती.

"म्हणजे आपला कॅम्पच," मी म्हणालो. लष्कराच्या बराकींत गोणपाटं लावून संसार थाटलेली उल्हासनगरातली माणसं डोळ्यांपुढे आली. "मग गेले कुठं?"

"उठवलं त्यांना. शंभरेक वर्षांपूर्वी. स्मारक नीट दिसावं म्हणून."

मी तिथल्या पायरीवर चढून बोलायलाच लागलो. चार प्रवासी थांबून बघत राहिले. मित्रानं माझी बाही ओढली. "बस खाली. इथं कुणाला मराठी येत नाही."

"तुला येतं ना?"

त्यानं खिशातून आगगाडीचं वेळापत्रक काढलं.

त्या संध्याकाळी त्याच्या खोलीत स्पिरिटच्या स्टोव्हवर तो तांदूळ शिजवला. वास सुटला तसा तो खुर्चीवरून उठला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मांडी घालून बसला आणि हातानं जेवला. अर्धा भात संपल्यावर म्हणाला, "आई अजून पातेल्याची खरवड स्वतःसाठी ठेवते का रे?"

तिनं भात सोडलाय हे सांगितलं असतं तर तो पुढच्याच बोटीनं निघाला असता. जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "येऊन बघ."

"हे काय उत्तर झालं?"

मी भात कालवत राहिलो.

शेवटच्या दिवशी एग-मोर्त. चारी बाजूंनी तट असलेलं छोटं गाव. तटावर चढलो तर पलीकडे मिठागरं! गुलाबी पाणी, आणि दूरवर मिठाचे पांढरे डोंगर. इतकं सगळं पाहिलं, पण इथं पहिल्यांदाच तो काही सांगेना. दगडावर हात टेकून बघत राहिला.

"आई लहानपणी मिठात राबायची," तो म्हणाला. "टाचांच्या भेगा अजून बुजल्या नाहीत तिच्या."

मी तेव्हाच विचारलं, "येणार आहेस ना?"

"नाही. इथं जागा मिळते आहे मला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अंबरनाथच्या कारखान्यात मुलाखतीला गेलो होतो ना, तिथं पहिला प्रश्न आडनावाचा होता. दुसरा, 'म्हणजे मिठागरवाले का तुम्ही?' तिसरा प्रश्नच नव्हता. इथं कुणी आडनाव विचारत नाही. तू पत्रकात लिहितोस ते मला इथं फुकट मिळतं."

"आणि खाली मिठात राबताहेत ते अल्जेरियाचे मजूर? त्यांना काय विचारतात?"

"त्यांना आडनावसुद्धा विचारत नाहीत," तो म्हणाला. "ठाऊक आहे मला. तरी मी राहणार."

त्याच्यासारख्यानं परत येऊन लढायला हवं, यावर मी तासभर बोलू शकलो असतो. पण माझं आडनाव ऐकून मला कधी कुणी दारातून परत पाठवलं नव्हतं. आम्ही तटावरून एकामागून एक खाली उतरलो. परतीच्या बोटीवर मी कुणाशी ओळख केली नाही.

कात्रपला गेलो तेव्हा ती अंगणात सुपात नाचणी पाखडत होती. हात थांबला.

"येतंय?"

"नाही, मावशी."

"कशापायी?"

"तिथं त्याला कुणी आडनाव विचारत नाही."

"इथं इचारतान," ती म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं. "तू सांगलास त्याला? भाताचा?"

"नाही."

"बरा केलास."

ती आत गेली. कणगीतून तांदूळ काढल्याचा, मग धुतल्याचा आवाज आला. चुलीवर एकच पातेलं चढलं. नाचणीचं पीठ तिनं काढलंच नाही. मला वाढलं, मग स्वतःच्या ताटलीत भात घेऊन माझ्यासमोर बसली. ते व्रत मोडावं म्हणून याच घरात मी भाषण केलं होतं. आता तिनं पहिला घास उचलला तो मला बघवेना.

"खा," ती म्हणाली. "निवतंय. आन त्या मीठ सरकव जरा."

मी वाटी पुढे सरकवली.