चंद्रसुद्धा पडतोच आहे

नाना गेले, हे मला पाच तास उशिरा कळलं. जळगावला एका पाइपच्या कारखान्यात मी तपासणीचं काम करते. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. संध्याकाळी लॉकर उघडला तेव्हा आईचे अकरा मिस्ड कॉल होते. दुपारभर मी पाइपमधला पाण्याचा दाब वाढवत, पाइप कुठे फुटतो ते पाहत उभी होते आणि रविवारी धुळ्याला गेल्यावर नानांना काय विचारायचं ते मनात जुळवत होते. त्या पाच तासांत ते माझ्यापुरते होतेच. दूरच्या ताऱ्याचा उजेड उशिरा पोहोचतो, हे त्यांनीच शिकवलेलं... पण असल्या उपमांचा त्यांना राग यायचा. कोणी गेल्यावर 'तारा झाला' म्हणणाऱ्यांना ते विचारायचे, "तिथलं तापमान माहितेय का? कशाला पाठवता बिचाऱ्याला?"

नाना म्हणजे माझ्या आईचे काका. धुळ्याच्या देवपुरातल्या एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. मी इंग्रजी शाळेतली. नववीच्या सुट्टीत आईने मला त्यांच्याकडे पाठवलं, तेव्हा गुरुत्वाकर्षणाची व्याख्या मी इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली. नाना शांतपणे म्हणाले, "हे पुस्तक बोललं. आता तू बोल."

त्यांच्या घरी एक रीत होती. धडा झाला की शिकायला आलेल्या मुलाने स्वयंपाकघरात जाऊन तो अक्कांना, म्हणजे नानांच्या बायकोला, अहिराणीत सांगायचा. अक्का शाळेत कधी गेल्या नव्हत्या. त्यांना कळलं तर पास. नाहीतर, "माले नही समजनं, जाय परत!" हे ऐकून भले भले हुशार कानापर्यंत लाल झालेले मी पाहिलेत. मला अहिराणी समजते, बोलता येत नाही, असं सांगून मी सुटायची. खरं म्हणजे चुकताना कोणी आपल्याकडे पाहावं, हेच मला सहन होत नाही. नाना रागावले नाहीत. निघताना फक्त म्हणायचे, "तुझं राहिलंय हं." अकरा वर्षं म्हणत राहिले.

राहिलेला धडा चंद्राचा होता. अंगणात निंबोळ्या पडत होत्या. नाना म्हणाले, "ही पडते ना? चंद्रसुद्धा पडतोच आहे. पण पडता पडता तो पुढेही पळतो. तो जितका खाली येतो, तितकीच गोल पृथ्वी त्याच्याखालून वाकलेली असते. म्हणून आदळत नाही." मग म्हणाले, "हजारो वर्षं माणसांना वाटायचं, वरचे कायदे निराळे आणि खालचे निराळे. निंबोळी आणि चंद्र एकाच कायद्याने पडतात हे कळलं, तेव्हा निसर्ग पहिल्यांदा एक झाला बघ." मी मान हलवली. समजलं नव्हतं.

दुसऱ्या एका उन्हाळ्यात त्यांनी माठाचं सांगितलं. पाण्यातले सगळ्यात वेगवान कण वाफ होऊन निघून जातात, उरलेलं पाणी गार होतं. "आमच्या घरासारखं," ते म्हणाले. "पोरं वेगवान होती, गेली. आम्ही गार पडलो."

आतून अक्का ओरडल्या, "तुम्ही कोठे गार शेतस? सकायपासून चार डाव वरडनात!"

नाना खूप हसले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. नानांचा मुलगा जर्मनीला परतला, मुलगी बंगळुरूला. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा अक्का स्वयंपाकघरात एकट्या ताटात दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या. सांत्वनाचं कसं बोलतात ते मला येत नाही. मी समोर बसले आणि एकदम म्हणाले, "अक्का, निंबोई पडस ना... चंद्र भी पडस."

"पडस? कव्हय? माले तं नही दिखना."

माझ्या उच्चारांना त्या हसत होत्या. मी ताटाच्या काठावरून ज्वारीचा दाणा फिरवत सांगत गेले. शब्द अडला की मराठी घालत होते. कुठेतरी मध्येच मला स्वतःलाच तो चंद्र पडताना दिसला. अक्कांचे हात थांबले होते.

"म्हंजे वर भी आठलाच, खालनाच कायदा?"

"हा, अक्का."

"वर निराळं काहीच नही?"

"नही."

"मंग तुना नाना कोठे ग्यात?"

चुकायची भीती मी इतकी वर्षं बाळगली, आणि या प्रश्नाला चुकीचं उत्तरसुद्धा माझ्याजवळ नव्हतं. "माले माहीत नही," मी म्हणाले. म्हटल्यावर लक्षात आलं, नाना बसायचे त्या बाहेरच्या खोलीतून काहीतरी ऐकू येण्याची मी वाट पाहतेय. अक्कांची नजरही तिकडेच होती. पंख्याच्या वाऱ्याने दाराचा पडदा आत आला... परत गेला.

अक्कांनी ताटातला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "हळू सांग."