घुशीच्या शेंगा

साक्रीकडच्या आमच्या शेतातला भुईमूग निघाला, की दोन-तीन दिवसांत अक्का कुदळ घेऊन हजर व्हायची. डोंगराकडच्या वस्तीतली ही म्हातारी एरवी आमच्याकडे निंदणीला यायची, पण पीक निघाल्यावर शेतातल्या घुशींची बिळं तिची. जो खणेल त्याच्या शेंगा, असा आमच्याकडचा रिवाज.

घूस मोठी हिकमती. दिवसा बिळाचं तोंड आतून मातीनं बुजवून बसते. अक्का त्या मातीत बोट खुपसायची. ओली लागली की घूस घरात आहे. मग बोगद्याच्या मागेमागे खणत जायची, आणि हातभर खाली घुशीचं कोठार सापडायचं. काय त्या शेंगा! टपोऱ्या, निवडून ठेवलेल्या. आमच्या पोत्यातही तशा नसायच्या. मी टोपली धरून उभा असायचो. निघताना ती ओंजळभर शेंगा पुन्हा बिळात टाकायची. "तिले बी पोट शे ना, भाऊ." त्या दुपारी आठवल्या की धुळ्यातल्या या फ्लॅटमध्ये माझा जीव रमत नाही.

कॉलेजात गेलो आणि मी फार शहाणा झालो. घुशी बांध पोखरतात म्हणून एका वर्षी चार बिळांत विषाच्या गोळ्या टाकल्या. अक्काला सांगायचं होतं, पण म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतात गेलो तर बिळं उकरलेली.

तसाच मोटरसायकलवर वस्तीत गेलो. तिच्या अंगणात शेंगा वाळत होत्या. नशीब, अजून कुणी खाल्ल्या नव्हत्या. मी कसंबसं सगळं सांगितलं.

"कोनता बिळमा टाकेल व्हतं?" तिनं विचारलं.

बिळं मी दाखवली असती, पण शेंगा तर सगळ्या एकत्र झालेल्या. ती मला शिव्या देती तर बरं झालं असतं. तिनं खड्डा खणला आणि सगळ्या शेंगा पुरून टाकल्या. सकाळी मी आमच्या शेंगांचं एक पोतं तिच्याकडे नेऊन टाकलं. तिनं ते ठेवून घेतलं. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या वर्षी भुईमूग निघाल्यावर अक्का आली, पण शेतात गेली नाही. आमच्या दाराशी उभी राहिली. इतक्या वर्षांत खणण्याआधी तिनं कधी विचारलं नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "औंदा खनू का?"