चांदीचा मार

मी सोंगाड्या होतो. सोंगाड्याने तमाशात मार खायचा असतो, पण तो आपल्याच फडाच्या नाइकाच्या हातचा आणि खोटा. खरा मार मी वऱ्हाडात जाऊन खाल्ला.

आम्ही नगरकडचे. जत्रेत तमाशा करायचा आणि एखाद्या पाटलाने खूश होऊन जुना फेटा डोक्याला बांधला तर तो विरेपर्यंत मिरवायचा, असा आमचा थाट. तिकडे बक्षीस देण्याची एक रीत होती. कोणाला लावणी आवडली की तो बसल्या जागी हात वर करी, मी वाकत वाकत त्याच्यापाशी जाई, तो माझ्या तळव्यावर तांब्याचा पैसा ठेवी आणि मी त्याचं नाव सात पिढ्यांसकट ओरडून सांगे. पैसा लहान, ओरडणं मोठं. पण सगळं हातातून हातात.

मग ऐकलं की वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला आहे. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात गोऱ्यांची आपसांत जुंपली होती, त्यांचा कापूस त्यांच्याकडेच अडकला होता आणि विलायतेच्या गिरण्या तोंड वासून वऱ्हाडाकडे पाहत होत्या. आमचा नाईक म्हणाला, "भांडोत बापडे. आपण ढोलकी घेऊन निघू."

आमच्या फडात गळा होता तो नाच्याचा. त्या काळी बाईचं सोंग पुरुषच घेत. आमचा नाच्या चांगला पोक्त गडी, तालमीत घुमलेला, घरी लग्नाला आलेल्या लेकी. त्याच्या मनगटाला बसतील अशा बांगड्या कासाराकडून मुद्दाम करवून घ्याव्या लागत. पण लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन तो गाऊ लागला की शहाणी माणसं बायकोला विसरत. मीही एकदोनदा विसरलो आहे, आणि मी तर त्याला रोज ओढ्यावर लंगोट धुताना पाहत होतो.

पहिला खेळ अमरावतीला झाला, कापसाच्या बाजारात. दुपारी मापं आटोपली होती. लोकांनी बैलबंड्या सोडून गोल केला आणि कापसाच्या गाठोड्यांवर ऐसपैस बसले. आमच्या देशावर तक्क्याला टेकायचा मान एकट्या पाटलाला. इथे गाडीवानसुद्धा लोळत होता. नाच्याने पहिली लावणी उचलली. मी नेहमीप्रमाणे मागे उभा राहून तोंडं वेडावत होतो, तोच कपाळावर काहीतरी खाडकन बसलं.

धोंडा असेल असं वाटून मी खाली पाहिलं, तर कलदार रुपया! एक हात कपाळाकडे चालला होता, एक रुपयाकडे. रुपयाकडचा आधी पोचला.

"अबे, लागला का त्याले?" कोणीतरी विचारलं.

"चांदी हाये ना ते," दुसरा म्हणाला. "चांदी कोणाले लागते का बाप्पा?"

हे लोकांना एवढं पटलं, की सगळ्या बाजूंनी रुपये येऊ लागले. हात वर करणं नाही, नाव पुकारणं नाही, बसल्या जागेवरून नुसती भिरकाभिरकी. एक रुपया ढोलकीच्या कातडी पुडीतून आरपार गेला. ढोलकीवाला फाटलेली ढोलकी मांडीवर घेऊन बसला आणि मेलेल्या पोरासारखी तिला थोपटू लागला. ज्यांच्यापाशी रुपये नव्हते त्यांनाही मागे राहायचं नव्हतं. त्यांनी कापसाची हिरवी बोंडं मारली. हिरवं बोंड नुसतं दिसायला गोजिरवाणं असतं. एका शेठजीने पायाला रुपया बांधलेला जिवंत कोंबडा फेकला. तो कोंबडा नाच्याच्या अंबाड्यावर बसून ओरडला आणि ती लावणी तिथेच संपली.

नाईक मात्र खूश. रात्री सगळे जखमांना हळद लावत बसलो, तेव्हा तो म्हणाला, "कौतुक आहे हो हे! मनावर घ्यायचं नाही."

"मनावर नाही," ढोलकीवाला म्हणाला, "नाकावर बसलंय."

दुसऱ्या खेळाला मी स्वयंपाकाची पितळी परात घेऊन उभा राहिलो. रुपया आला की परात पुढे. टणकन आवाज झाला आणि लोक हसून लोळले. मला वाटलं, काय अक्कल लढवली! पण झालं भलतंच. लोकांना त्या आवाजाची चटक लागली. लावणीकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. "परात वर घे बे!" "डाव्या अंगाले!" असा आरडाओरडा. नाच्या गात होता आणि लोक नेम धरत होते.

खेळ सुटल्यावर तो मला म्हणाला, "मी गातो का तुझ्या परातीला साथ करतो?" मी परात पालथी करून पुसू लागलो. तिला पोचे पुष्कळ पडले होते.

असं करत आम्ही अकोल्याला आलो. मोर्णेच्या काठावर, बाजाराच्या दिवशी, दोन बंड्या जोडून त्यांवर फळ्या टाकल्या. ऊन कलतं होतं. अगदी पुढे जवळच्याच एका गावचे पाटील बसले होते. मिशा पांढऱ्या, पोट सुखी, बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगुरमाळा. मांडीवर रुपयांची थैली होती आणि दर समेला ते एक रुपया मारत. नेम बरा होता, दुर्दैवाने.

त्या दिवशी नाच्याने आपली सगळ्यात आवडती लावणी काढली. संथ, विरहाची. नवरा गाड्या घेऊन दूर गेलेला आणि बाई दारात उभी. ती म्हणताना तो जागचा हलत नसे. अशा हलत नसलेल्या माणसाच्या तोंडावर पाटलांचा रुपया बसला.

गाणं थांबलं. नाच्याच्या ओठातून रक्त आलं. त्याने पदराने तोंड पुसलं, वाकून रुपया उचलला, पदर कमरेला खोचला आणि तालमीतल्या त्या हाताने तोच रुपया परत फेकला. पाटलांची पगडी उडून मागच्या माणसाच्या मांडीत पडली.

पाटलांची माणसं काठ्या घेऊन उठली. नाइकाने फळ्यांवरून थेट पाटलांच्या पायावर उडी घेतली. "मायबाप, बाई खुळी आहे!"

"बाई?" पाटील डोकं चोळत म्हणाले. "बाईचा असा हात रायते का?"

नाच्या फळ्यांच्या कडेला आला आणि आपल्या खऱ्या, जाड आवाजात म्हणाला, "लागलं का पाटील?"

"लागलं ना बे!"

"चांदी लागत नाही म्हणतात तुमच्याकडे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं, मग सगळा बाजार. पाटलांचा चेहरा लाल झाला. मी परातीमागे डोकं लपवलं. पाटलांनी मारायचा हुकूम दिला असता तर आम्हाला कोणी सोडवणार नव्हतं. पण हसणाऱ्या बाजारापुढे काठी उगारली तर आणखी हसं होणार, हे त्यांना कळलं असावं. ते उठले आणि धोतर सावरत फळ्यांवर चढले.

"मी उभा रायतो अठी," ते छाती काढून म्हणाले. "गाणं बी म्हणतो. मारा मले. पाहू कोण रडते!"

आणि त्यांनी भजन सुरू केलं. माणूस गावचा मोठा असेल, पण आवाज रुतलेल्या बंडीच्या चाकाचा होता. पहिल्या ओळीला लोक अंदाज घेत राहिले. दुसऱ्या ओळीला एक बोंड आलं. मग बाजार फुटला. पाटलांना मारायची संधी त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला मिळाली नव्हती आणि आज त्यांनी स्वतःच्या तोंडाने परवानगी दिली होती. बोरं आली, जांब म्हणजे आमच्याकडचे पेरू आले, भाजीवाल्यांच्या पाट्या बघता बघता रिकाम्या झाल्या. पाटलांची सख्खी चुलती गर्दीत होती. त्या म्हातारीने भरताचं वांगं असं मारलं की त्यात जुना काही हिशेब असणार. रुपया मात्र पाटलांवर कोणी वाया घालवला नाही.

"परात!" पाटील माझ्या पाठीमागे दडत ओरडले. "परात धर बे, काय पाहून राह्यला!"

मी परात धरली. आयुष्यात एवढा मोठा माणूस माझ्या आडोशाला कधी आला नव्हता.

शेवटी फेकायला काही उरलं नाही, तेव्हा पाटील खाली उतरले. एका भुवईवर टेंगूळ, मिशीत बोराची साल. पगडी घातली, बसले आणि म्हणाले, "आता गाऊ द्या तिले."

नाच्याचा ओठ एव्हाना सुजून वांग्याएवढा झाला होता. त्याला प म्हणता येईना, ब म्हणता येईना. 'पिया' म्हणायला गेला की नुसतं 'इया' निघे. तरी त्याने लावणी पहिल्यापासून घेतली. मागे एकाने सवयीने हात उचलला, तसे पाटील गर्रकन वळले. "हातात दे ना! बैल हाकून राह्यला का?" हात खाली गेला. त्या अर्ध्यामुर्ध्या शब्दांची लावणी लोकांनी शेवटपर्यंत ऐकली. वऱ्हाडात आल्यापासून आमचं गाणं मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

संपल्यावर पाटील उठून फळ्यांपाशी गेले आणि नाच्याच्या तळहातावर रुपया ठेवला.

"दुखून राह्यलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुखतंय."

"मले बी," पाटील म्हणाले.

त्यांनी आम्हाला आपल्या गावी नेऊन ठेवून घेतलं. तिथे हात उगारणाऱ्याला ते स्वतः बाहेर काढत. एकदा जावयालाच काढलं.

पुढे ती समुद्रापलीकडची लढाई मिटली आणि कापूस पुन्हा नुसता कापूस झाला. नंतरच्या हंगामात आम्ही अकोटाकडे गेलो, तर कोणी काहीच फेकलं नाही. खेळ झाल्यावर बायकांनी सुपातून ज्वारी आणून नाच्याच्या पदरात ओतली. नाईक आभाळाकडे बघत सुस्कारे टाकत होता, आणि ढोलकीवाला नव्या पुडीवरून हात फिरवत म्हणाला, "मला तर मंदीच मानवते."

नाच्याचा ओठ बरा झाला, पण वाकडाच. गाताना त्याचं तोंड एका बाजूला जरासं वर जाई, जणू काही तो अर्धवट हसतो आहे. प्रेक्षकांना ती अदा वाटली. लोक जिवाचा कान करून बसत आणि त्या हसण्याला माना डोलवत. वर्षा-दोन वर्षांत वऱ्हाडातले सगळे कोवळे नाचे आरशापुढे बसून तोंड वाकडं करायला शिकले. आमचा नाच्या त्यांना बघून चिडायचा, पण चिडला तरी तो हसल्यासारखाच दिसे.