कोकणची वाट, तीस सेकंदांत

दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या शिरूरमध्ये ओळखीचं कोणी भेटलं की एकच प्रश्न विचारतं, "यंदा कुठं?" पूर्वी "फराळाचं झालं का?" असं विचारायचे. त्याला "चाललंय" एवढं उत्तर पुरायचं. आता गावाचं नाव सांगावं लागतं, आणि ते मागच्या वर्षीच्या गावापेक्षा लांबचं असावं लागतं. "घरीच आहे" म्हटलं की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "का हो, सगळं ठीक ना?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्त होईपर्यंत मला घरी बसण्याबद्दल कोणाची माफी मागावी लागली नव्हती. पण बायकोचं माहेर दौंडचं, आणि तिच्या भावांनी गेल्या दिवाळीत सगळ्यांची मिळून सहल काढायची ठरवली. त्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला आणि ग्रुपवर मतदान घेण्यात आलं. गोवा, महाबळेश्वर, राजस्थान, कोकण. पर्याय वाढवायची सोय होती म्हणून मी खाली "घर" असं लिहिलं आणि त्याला मत दिलं. त्यावर सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले. ते मत कोणी मोजलंच नाही. कोकण निवडून आलं. पाडव्याला पहाटे निघायचं ठरलं.

पाडव्याची पहाट मी आधीच दुसऱ्या एका भानगडीत अडकवून ठेवली होती.

माझे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, भीमेच्या काठी एका गावात राहतात. शिरूरहून दौंडला निघालं की वाटेत लागतं. आम्ही धनगर. माझ्या वडिलांनी मेंढरं लवकर सोडली, मामांच्या घराण्यानं उशिरा. मामा तरुण असेपर्यंत ती माणसं दर दिवाळीनंतर कळप घेऊन चालत घाट उतरायची आणि पावसाआधी परत यायची. आता ऊस आहे, पाइपलाइन आहे, दारात दोन शेळ्या आहेत. मेंढरांचं उरलं होतं ते फक्त मामांच्या गळ्यात. कोकणच्या वाटेची एक लांब ओवी त्यांना येत होती. कुठल्या ओढ्यावर पाणी, कुठल्या माळावर मुक्काम, कुठल्या गावचा पाटील खतासाठी शेतात मेंढरं बसवायला धान्य देतो आणि कुठला कुत्री सोडतो, सगळं तीत क्रमानं होतं. ती त्यांच्या वडिलांकडून आली होती. पुढं कोणाकडे गेली नव्हती.

आणि भादव्यात मामांच्या गळ्यात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आणि सांगितलं, जिवाला धोका नाही, पण आवाज राहील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. मामांनी मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "भाच्या, एकदा चार माणसांत म्हनून घेऊ दे रं. मग गेला तर गेला."

एवढंच मागणं होतं. मी ते स्वतः पुरं करायला हवं होतं. अंगणात सतरंजी टाकून पंधरा माणसं बोलावता आली असती. पण मला वाटलं, मामांना थोडं मोठं काही मिळावं. आयुष्यभर थाटमाटाला नावं ठेवणाऱ्या माणसाला ऐन वेळी थाटमाटाचा मोह पडला.

आमच्याकडे एक प्रतिष्ठान आहे. ते पाडव्याला "दिवाळी पहाट" करतं. ही चाल पुण्याची. हायवेनं जे जे येतं त्यातच ती आली. त्या वर्षी त्यांना टीव्हीवरची गायिका हवी होती, ती मिळाली नाही. मी अध्यक्षांना मामांचं नाव सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, "सर, चालतंय. फोक सध्या जोरात हाय. पोस्ट तुम्ही लिहा, आपल्याकडं लिहिणारं माणूस न्हाई." मी खूश झालो, हे कबूल करतो.

पोस्ट म्हणजे मोबाईलवर फिरवायचं पोस्टर. पहिल्या कच्च्या चित्रात मधोमध मामा होते : पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडं, तोंड उघडलेलं. खाली माझ्या चार ओळी. मग ते मंजुरीसाठी प्रतिष्ठानच्या ग्रुपवर गेलं.

आमच्याकडे कार्यक्रमाला माणूस आला नाही तर चालतं, पण पोस्टरवर त्याचा फोटो नसला तर तो वर्षभर बोलत नाही. पहिल्या दिवशी अध्यक्ष आले, ते साहजिकच वर आले. मग दोन उपाध्यक्ष. मग एका उपाध्यक्षांचे सासरे. माझ्या चार ओळींच्या दोन झाल्या. मग "शुभेच्छुक" म्हणून एक ओळ गोल फोटोंची, आणि तीत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी दुसरी. प्रत्येक वेळी नवं पोस्टर यायचं आणि मामा थोडे आणखी लहान होऊन कोपऱ्याकडे सरकायचे. माझ्या उरलेल्या दोन ओळीही गेल्या. चौथ्या दिवशी मी लिहिलं, "गायकाचा फोटो दिसत नाही." अध्यक्षांनी लगेच अंगठा पाठवला. पुढच्या पोस्टरवर त्यांच्या थोरल्या भावाचा फोटो वाढला होता.

शेवटचं पोस्टर मी मामांना दाखवायला गेलो. ते ओट्यावर बसले होते. चष्मा लावून त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि वरपासून एकेक चेहरा पाहिला, जत्रेत पाहावा तसा.

"ह्ये अध्यक्ष. ह्ये त्यांचं भाऊ. ह्ये कोन?"

"उपाध्यक्षांचे सासरे."

"त्ये बी गानार हायती?"

"नाही मामा."

"मग मी कुठं हाय?"

मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. खालच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका होता. तो आणखी मोठा केल्यावर फेटा झाला. चेहरा चौकोना-चौकोनांचा होता.

मामांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "फेटा माझाच हाय," म्हणाले. मग विचारलं, "कुठं व्हनार ह्ये लिवलंय का?"

मी पाहिलं. वार होता, वेळ होती. स्थळ नव्हतं. दुसऱ्या ओळीतल्या फोटोंखाली ते दबलं होतं. अध्यक्षांना फोन केला तर ते म्हणाले, "सर, शाळेचं मैदान हे सगळ्यांना म्हाईतीच हाय. आन् आता पोस्ट लई पुढं गेली. लाइक बघा की."

लाइक खरंच पुष्कळ होते. खाली लोकांनी "एक नंबर", "कडक", "जय मल्हार" असं लिहिलं होतं. चारपाच जणांनी "लोकेशन?" असं विचारलं होतं. त्यांना प्रतिष्ठानच्या पेजवरून हात जोडल्याचं चित्र गेलं होतं. मी ते सगळं मामांना वाचून दाखवलं, "लोकेशन" सोडून. त्यांनी विचारलं, "एवढी मान्सं येतील?" मी म्हटलं, "येतील की." मामींनी आतून विचारलं, "एवढ्यांना च्या कोन करनार?"

निघताना मामांनी माझ्या सहलीची चौकशी केली. कोकणात जायचं होतं पण मी मागं राहतोय, असं सांगितलं.

"आमी बी जायचो की दिवाळी झाली की कोकनात," ते म्हणाले. "आता कशानं जात्यात?"

"गाडीनं. पाच-सहा तास."

"आन् तिथं जाऊन काय करत्यात?"

"रिसॉर्टवर राहतात. समुद्रात फोटो काढतात."

"आन् मेंढरं?" असं म्हणून ते स्वतःच हसले, आणि हसता हसता खोकला लागला.

पाडव्याला पहाटे मी बायकोला दौंडच्या गाडीत बसवलं. ती म्हणाली, "मामांचं नीट होऊ द्या. पण तुम्ही पोस्टवर नका जाऊ हो. आमच्या ग्रुपवर शंभर जण 'नक्की येणार' म्हणाले होते, गाडीत अकरा आहेत." तिला व्यवहार कळतो.

मैदानावर तीनशे खुर्च्या होत्या. पांढरी कव्हरं, मागं जांभळी गाठ. स्टेजवर मोठा फ्लेक्स, तेच पोस्टर. पहाट उजळत गेली तसे त्यावरचे सगळे चेहरे स्वच्छ दिसायला लागले. खुर्च्यांत मंडपवाला होता, साउंडवाला होता, शाळेचा वॉचमन होता, फिरायला निघालेल्या दोन बायका काय आहे म्हणून थांबल्या होत्या. मामी पहिल्या ओळीत, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. आणि पेज सांभाळणारे गृहस्थ, कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून रात्रपाळी करून थेट आलेले, डोळे लाल. अध्यक्षांचा फोन लागला तेव्हा मागं वाऱ्याचा आवाज होता. "सर, आम्ही घाटात हाय. फॅमिली ऐकंना. तुम्ही करा सुरू, आम्ही लाइव्ह बघतोय." तेवढ्यात रेंज गेली.

खुर्च्या रिकाम्या होत्या, त्याचं मामांना फारसं काही वाटलं नसावं. माळावर गाणाऱ्या माणसाला रिकामं मैदान नवं नसतं. अडचण दुसरीच होती. धनगरी ओवी एकट्यानं होत नाही. पुढचा माणूस ओळ टाकतो आणि मागं उभे असलेले तिचा शेवट उचलून लांबवतात. तेवढ्यात पुढच्याला श्वास मिळतो आणि पुढची ओळ आठवते. याला झील धरणं म्हणतात. मामांची झील त्यांचे दोन पुतणे धरायचे. एकाला कंपनीनं सुट्टी दिली नव्हती. दुसऱ्याला दिली होती, म्हणून तो मुलाबाळांना घेऊन महाबळेश्वरला गेला होता.

मामा स्टेजवरून म्हणाले, "भाच्या, वर ये."

"मामा, मला सूर नाही."

"सूर कोन मागतंय? एवढी पुस्तकं वाचली न्हवं? मग वळीचा शेवटचा शबुद तेवढा उचल."

मी वर गेलो. ढोल मंडपवाल्यानं गळ्यात अडकवला. तोही निघाला आमच्यातलाच. मामांनी एक हात कानाशी नेला आणि ओळ टाकली. तो आवाज त्या गळ्यातून येईल असं कोणाला वाटलं नसतं. थोडा फाटलेला होता, पण शाळेच्या इमारतीवर आपटून परत येत होता. मी शेवटचा शब्द उचलला. माझा आवाज शेळीसारखा आला. फिरायला आलेल्या बायका हसल्या, मग बसल्या. दहाव्या ओळीनंतर मला माझी लाज वाटेनाशी झाली. मामा पुढं चालले होते, मी मागून हाकत होतो. पुढची ओळ ऐकायला मात्र सवड नव्हती. सगळं लक्ष शेवटच्या शब्दावर, तो चुकू नये म्हणून. अर्ध्या-पाऊण तासानं आम्ही घाट उतरून खाली पोचलो, आणि मामा खाली बसले. पाचसहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मामींनी सगळ्यांना लाडू दिले. प्रत्येकाला दोन-दोन आले.

मी काही रेकॉर्ड केलं नाही. मोबाईल डोळ्यांसमोर धरून जगणाऱ्या लोकांवर मी कॉलेजात दोन व्याख्यानं दिली आहेत. शिवाय पेजवाले गृहस्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाईल धरून उभे होते. एकदाही हात खाली घेतला नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं होतं, अजूनही वाटतं.

संध्याकाळी पेजवर रील आलं. तीस सेकंदांचं. वर लिहिलं होतं, "प्रचंड गर्दीत दिवाळी पहाट संपन्न." कॅमेरा फक्त स्टेजवर होता, त्यामुळे ते खोटं पाडता येत नव्हतं. मामा कानाशी हात नेत होते, तोंड उघडत होते, आणि मागं सध्या गाजत असलेलं एक सिनेमाचं गाणं वाजत होतं. मी गृहस्थांना फोन केला. ते अगदी समजुतीनं बोलले. "सर, ओरिजनल आवाजाला रीच येत न्हाई. ट्रेंडिंगचं गाणं लावावं लागतं. पूर्ण व्हिडिओ हाय ना माझ्याकडं, आल्यावर देतो." तेही त्याच दुपारी बायको-मुलांना घेऊन कोकणात निघाले होते. आठ दिवसांनी ते मला घरी भेटायला आले, खाली मान घालून. समुद्रावर मोबाईलची मेमरी भरली होती. मुलांचे फोटो निघेनात. त्यांनी सगळ्यांत मोठी फाइल कुठली आहे ते पाहिलं.

मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार?

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. आवाज गेला. आता मामा कुजबुजतात, तेही फक्त कामापुरतं. मी महिन्यातून एकदा जातो. मागच्या वेळी त्यांनी हातानं खूण केली आणि ओठ हलवले, "लाव की त्ये, आपलं."

मी टाळत आलो होतो. पण ते थांबले नाहीत. रील लावलं. ते गाणं ओट्यावर दणाणलं. मामांनी मोबाईल जवळ घेतला, स्वतःच्या उघडत्या-मिटत्या तोंडाकडं बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ही कोन बाई गातीया?"

मी आवाज बंद केला. मग शांततेत आम्ही दोघं मामांना गाताना पाहत राहिलो. ते पडद्यावरच्या तोंडाबरोबर ओठ हलवायला लागले, मांडीवर बोटांनी ढोल धरला आणि ओळ संपली तिथं थांबून माझ्याकडं बघितलं. मी शेवटचा शब्द उचलला : "...पाण्याला." त्यांनी मान डोलावली. पुढची ओळ. "...उतारा." पुढची. "...वाडीला."

मग ते थांबले आणि बोटानं माझ्याकडं, मग स्वतःच्या ओठांकडं खूण केली. शेवट नको होता. पूर्ण ओळ हवी होती. कुठलं पाणी, कुठला उतार, कुणाची वाडी. एवढा शिकलेला भाचा त्या पहाटे स्टेजवर मागं उभा होता, त्याला आली असणारच.

मला शेवटचे शब्दच तेवढे येत होते. मामा वाट बघत राहिले. तीस सेकंद संपले आणि रील आपोआप पहिल्यापासून सुरू झालं.