आधी अमल, मग पुढची आयत

चार माणसं समाज सुधारायला दर रविवारी जमली की समाज किती सुधारतो ते अल्लाह जाणे, पण किस्से मात्र ढिगानं जमतात! आमची बैठक मुकुंदवाडीत रऊफ सरांच्या घरी बसते. सर शाळेतून रिटायर झालेले, विषय विज्ञान. कुरआनची एक आयत मराठी तर्जुम्यासकट वाचायची आणि आजच्या जगण्यात ती काय सांगते, यावर बोलायचं. नियम सरांचाच: "पाठ करणारे लई झाले. आधी घरी अमल, मग पुढची आयत!"

*

पहिली आयत आपसात सल्लामसलत करून कामं करण्याची. लोकशाहीचं बीज इथंच आहे, हे सर तासभर एकटेच समजावत होते. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा सरांनी हात वर केला.

शेवटी सरांच्या बेगम, आमच्या भाभी, दारात आल्या. "मशवरा झाला असेल तर विचारू का, चहा कुणाला बिनसाखरेचा?"

*

मग आली दीनमध्ये, म्हणजे धर्मात, जबरदस्ती नाही, ही आयत. आमचे हार्डवेअरवाले हबीबभाई फार भारावले. घरी जाऊन त्यांनी ती पोराला समजावली. दुसऱ्या दिवशी पोरगा क्लास बुडवून उन्हं वर येईपर्यंत झोपला.

"अब्बा, जबरदस्ती नाही ना?"

"दीनमध्ये नाही! दहावीत आहे!"

*

आवाज खाली ठेवून बोला, या आयतीवर तर सर आणि हबीबभाईंची अशी जुंपली की शेजारच्या कांबळेमावशी भिंतीवरून डोकावल्या.

"सर, भांडण झालं का वो?"

"नाही मावशी," सर ओरडले, "हळू बोलण्यावर चर्चा चाललीय!"

*

आणि मग आमची गाडी अडली. आईबापाच्या मालमत्तेत मुलीचाही वाटा आहे, मालमत्ता थोडी असो की फार, या आयतीवर. हबीबभाईंनी यावर असं भाषण ठोकलं की टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर भाभींनी विचारलं, "तुमच्या देवगाव रंगारीच्या जमिनीत झरीनाआपांचं नाव आहे ना?"

माझ्याही बहिणी आहेत, म्हणून मी पंखा बघत बसलो.

झरीनाआपा म्हणजे हबीबभाईंची थोरली बहीण, खुलताबादला दिलेली. माहेर तुटू नये म्हणून त्यांनी वडलांच्या मागे हक्कसोडीवर सही केली होती. "आपा ने राजीखुशी से छोड़ा!" हबीबभाई म्हणाले. पण सर पान उलटेनात. कित्येक रविवार तीच आयत!

"आता सब्राची, धीर धरण्याची आयत घेऊ की," हबीबभाई वैतागले.

"तिच्यावर आपा अमल करतायत ना!" भाभी म्हणाल्या.

शेवटी हबीबभाई आपांनाच साक्षीला घेऊन आले. "सांग आपा, राजीखुशीनं सोडलं ना?"

"व्हय. राजीखुशीनं सोडलं," आपा शांतपणे म्हणाल्या. हबीबभाईंनी विजयी नजर फिरवली. आपा पुढं म्हणाल्या, "अब तू भी राजीखुशी से वापस दे. मग कळंल तुला, मी किती खुश होते."

 

महिनाभरानं हबीबभाई आले आणि धपकन खुर्चीत बसले. "सर, पान उलटा. आपाचा वाटा आपाच्या नावावर करून आलो. आज सही झाली."

"राजीखुशीनं?" भाभींनी विचारलं.

हबीबभाईंनी कपाळावरचा घाम पुसला.

"सही झाली, भाभी. राजीखुशीला अजून एक रविवार द्या!"