गेटात अडकलेलं डोहाळजेवण

आमच्या सोसायटीच्या गेटात होडी अडकली, त्यात माझी काडीचीही चूक नव्हती.

हे आधीच सांगून ठेवतो. कारण भाईंदर पश्चिमेला आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, "तो होडीवाला म्हातारा कुठं राहतो?" तर लोक हाताला धरून माझ्या दारात आणून सोडतात. (पत्ता सांगायची गरज उरली नाही, हा एक फायदाच झाला म्हणा.)

माझा मुलगा महेश. त्याचं पहिलं लग्न कोर्टात सुटलं आणि ओम, माझा नातू, आमच्याकडं राहिला. मग घरात नेहा आली. दादरची पोरगी, बँकेत नोकरी, बोलणं हळू आणि पाण्यासारखं स्वच्छ. तिचा पहिला नवरा आजारपणात गेला होता. तिच्याबरोबर तिची ईशा आली. म्हणजे एकाच लग्नात मला सून मिळाली आणि तिच्यासोबत चालती-बोलती, भांडती नातसुद्धा! लोकांना नात मोठी करायला किती वर्षं लागतात. मला तयारच मिळाली.

आता घरात तिसरं येणार होतं. ओम आणि ईशाची तेव्हापासून वाटणी चालली होती.

"आजोबा," ईशाने एकदा विचारलं, "बाळ माझं अर्धं भावंड, ओमचं पण अर्धं. मग पूर्ण कुणाचं?"

मी चौथी शिकलोय. अपूर्णांक पाचवीत होते.

"पूर्ण माझं!" मी म्हटलं. हिशेब मिटला.

सातवा लागला तसं मी जाहीर केलं, डोहाळजेवण करायचं. महेश एका डेकोरेटरला घेऊन आला. त्याने मोबाईलवर चित्रं दाखवली. झोपाळ्यातलं, चांदण्यातलं आणि होडीतलं. होडी बघून मी खूश झालो. आमच्या आजाने मिठागरातलं मीठ होडीतून नेलं, बापाने नेलं. सुनेला होडीत बसवायची म्हणजे आमच्या घराण्याला शोभेल असं काम!

"कसल्या लाकडाची हाय?" मी विचारलं.

"थर्माकोलची आहे काका. वरून सोनेरी कागद."

मी त्याला चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही.

पण खरी अडचण होडीची नव्हती. अडचण होती बायची. बाय म्हणजे माझी थोरली बहीण, घोडबंदरला दिलेली. आमच्यात पहिली ओटी घरातली थोरली लेक भरते. तिने भरली की मग बाकीच्या बायका. ती नसेल तर सगळ्या जणी नुसत्या जेवून जातात. आणि बायने फोनवर सांगून टाकलं, "दोन पोरं असताना आता कसलं डोहाळजेवान? गपचूप पाळणा बांधा. मी न्हाय येत."

"न्हाय तर न्हाय!" मी फोन ठेवला.

महेश म्हणाला, "बाबा, ती का नाही म्हणतेय, एवढं विचारा तरी."

"मी का विचारू? मी धाकटा हाय." (सोय असेल तेव्हा मी धाकटा असतो.)

नेहाने शांतपणे सांगितलं, "बाबा, पहिली ओटी आत्यांची नसेल तर मी बसणार नाही. आधीच लोक म्हणतात दुसऱ्यांदा लग्न, दुसऱ्यांदा सगळं. घरातली मोठी बाईच आली नाही, तर ते लोकांचं खरं झालं ना?"

ते ऐकून मी हट्टाला पेटलो. ठरवलं, एवढं मोठं डोहाळजेवण करायचं की घोडबंदरपर्यंत त्याचा गाजावाजा झाला पाहिजे. बायला यावंच लागेल! आणि मी उत्तनच्या इनासला फोन लावला. इनास माझा जुना दोस्त, मच्छीमार. त्याची एक लहान होडी पावसाळ्यापासून किनाऱ्यावर पालथी पडून होती.

"रुंदीला किती हाय रे?" मी विचारलं.

"पोटात पाच हात."

मी खाली जाऊन आमचं गेट मोजलं. साडेपाच हात भरलं. म्हणजे होडी आत जाऊन वर अर्धा हात हवा खेळणार!

महेश मागून आला. "बाबा, टेप आणू का?"

"टेप कशाला? माझे हात काय भाड्याने दिलेत?"

आता हाताचं माप म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. शाळेत न जाता शिकलेली गोष्ट. ती चुकत नाही. फक्त एवढंच की मी मोजला माझा हात, आणि इनासने मोजला इनासचा. इनास हा माणूस नारळाच्या झाडावर न चढता नारळ काढतो. आणि मी? मला लग्नात घोड्यावर बसवलं तेव्हा माझे पाय रिकिबीला पोचले नव्हते. आता यात चूक माझी की इनासच्या आईबापाची, हे वाचणाऱ्यानेच ठरवावं.

डोहाळजेवणाच्या दिवशी दुपारीच बाय आली. मला वाटलं जिंकलो! पण ती चपला न काढता दारात उभी राहिली. छातीशी कापडी पिशवी घट्ट धरलेली.

"मी रहायला न्हाय आले. पोरीला बघायला आले. बघितलं, चालले."

"चहा तरी घे."

ती उभ्यानेच चहा प्यायली, पिशवी काही खाली ठेवली नाही. आणि तेवढ्यात खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. होडी आली होती!

काय सांगू! निळी होडी, पिवळा पट्टा, नाकावर इनासने झेंडूची माळ घातलेली. चार माणसं घेऊन आला होता. जमिनीवर गोल ओंडके टाकले, त्यावर होडी उतरवली आणि गेटाच्या दिशेने ढकलायला लागले. नाक आत गेलं. अगदी लोण्यातून सुरी जावी तसं! मी गॅलरीकडं बघून हात हलवला. वरून ओम-ईशा टाळ्या वाजवत होते.

"बघितलं?" मी गेटाच्या आत उभ्या महेशला म्हटलं. "टेप!"

मग होडीचं पोट गेटाशी आलं आणि 'कर्रर्र' असा आवाज झाला.

"थांब," इनास म्हणाला. "बसत न्हाय."

"बसेल! माझं माप हाय. मार जोर!"

त्यांनी जोर मारला. मीही मारला. रस्त्यावरचे दोन रिक्षावाले उतरून आले, त्यांनीही मारला. आणि होडी दोन खांबांच्या मध्ये अशी बसली, की जणू बिल्डरने पायाबरोबरच बसवली होती. पुढं जाईना, मागं येईना. अर्धी सोसायटीत, अर्धी रस्त्यावर! आणि आमच्या सोसायटीला दुसरं गेट नाही.

सेक्रेटरी मेहताभाई स्कूटरवरून घरी येत होते. पुढं पायाशी आईस्क्रीमचा मोठा डबा. त्यांच्या घरी पाहुणे बसलेले.

"काका, ये क्या है?"

"होडी."

"वो तो दिखता है. इधर क्यूँ है?"

"डोहाळजेवन है. बहू का."

मेहताभाईंनी होडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आईस्क्रीमकडं पाहिलं. "तो मैं घर कैसे जाऊँ?"

हाच प्रश्न पाच मिनिटांत सगळ्या गल्लीला पडला. बाहेर क्लासची पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, आमचे पाहुणे. आत दूधवाला, लग्नाला निघालेलं एक जोडपं, आणि सगळ्यात पुढं पिशवी धरून उभी आमची बाय!

"आरं मेल्या, मना घरी जायचंय!" ती आतून ओरडली. "माझी बस जाईल!"

"होडीतून ये!" मी बाहेरून ओरडलो.

महेशने डोक्याला हात लावला होता. तेवढ्यात नेहा खाली आली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात हिरवा चुडा. तिने होडी बघितली आणि इतकी हसली, इतकी हसली, की महेश घाबरून म्हणाला, "नेहा, हळू, अगं हळू."

मग तिने आतल्या बाजूला लाकडी स्टूल मागवलं, महेशचा हात धरला आणि सावकाश होडीत चढून नाकाजवळच्या फळीवर बसली. "बाबांनी होडी आणलीय ना? मग मी होडीतच बसणार. पण पहिली ओटी आत्यांची."

आता मला सुचलं! मी रस्त्याच्या बाजूने होडीत चढलो (इनासने मला पोत्यासारखा उचलून आत ठेवला, पण ते जाऊ द्या) आणि ओरडलो, "ऐका सगळे! होडीतून जायचं तर जा. पण पोटुशी बाई बसलीय. रिकाम्या ओटीला ओलांडून कुणी जायचं न्हाय! आधी ओटी, मग वाट!"

(ही रीत मी तिथल्या तिथं काढली. पण प्रत्येक रीत कधीतरी कुठल्यातरी म्हाताऱ्यानेच काढलेली असते.)

"और पहली ओटी कौन भरेगा?" मेहताभाईंनी विचारलं. आईस्क्रीमच्या डब्यातून गुलाबी थेंब पडायला लागले होते.

मी बायकडं बोट दाखवलं.

अख्खी गल्ली बायकडं वळली. "मौसी, भर दो ना!" "अहो आजी, लग्नाचा मुहूर्त चाललाय!" "मासी, जल्दी, आइसक्रीम!" बाय जागची हलेना. पिशवी तिने आणखी घट्ट धरली. आणि मग एकदम माझ्यावर कडाडली:

"आरं, तुला कवा कळनार? मी कशी भरू? माझं कुंकू न्हाय राहिलं! भर कार्यात माझा हात लागला न् उद्या पोरीला काय झालं, तर नाव कुणाला ठेवतील?"

भाऊजी गेल्यापासून बाय प्रत्येक कार्यात अगदी मागच्या खुर्चीवर बसते. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला तिथं पंख्याचा वारा चांगला लागतो.

नेहाने होडीतूनच हात पुढं केला. "आत्या, ईशाचे बाबा गेले तेव्हा मलाही त्याच मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. मग आज मी इथं कशी बसलेय? तुमचा हात वाईट, तर माझी ओटीही वाईटच की. या वर. बाळाला आशीर्वाद हवाय, हातांची चौकशी नकोय."

रिक्षावाल्यांनीसुद्धा हॉर्न वाजवला नाही, यावरून काय ते समजा.

बाय हळूच स्टुलावर चढली. होडीत नेहासमोर बसली आणि तिने ती पिशवी उघडली. आतून नारळ निघाला. खण निघाला. हळकुंडं, सुपारी, आणि फडक्यात बांधलेले तांदूळ! म्हणजे ही बाई 'न्हाय येत, न्हाय येत' म्हणत सगळी ओटी छातीशी धरून आली होती! तिने ओटी भरली, नेहाच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली, आणि दोघी रडत हसायला लागल्या. मी आपला होडीच्या मागच्या टोकाला तोंड करून समुद्राची दिशा बघत बसलो.

मग जे सुरू झालं, ते भाईंदरने कधी पाहिलं नसेल! आतले बाहेर, बाहेरचे आत, सगळे होडीतून. ओम वरच्या पट्टीत "चला, पुढं सरका!" आणि ईशा "आधी ओटी, मग वाट!" ओटीत काय काय पडलं! मेहताबेनने खाकऱ्याचं पाकीट घातलं आणि मेहताभाईंनी, आता ते वितळणारच होतं म्हणून, अख्खं आईस्क्रीम होडीत वाटून टाकलं. भाजीवाल्या बाईने दुधी घातला. क्लासच्या एका पोरीने कंपासपेटीतली नवी पेन्सिल दिली. लग्नाला निघालेल्या जोडप्याने आहेराचं पाकीट इथंच देऊन टाकलं आणि तिकडं काय देणार म्हणून भांडत गेले. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ टाकला, तो घोडबंदरला पोचला, आणि 'बाय जात न्हाय तर आम्ही पन न्हाय' म्हणणारे सगळे नातेवाईक रिक्षा भरभरून आले. जेवण रस्त्यावर पंगत मांडून झालं. दोनदा भात लावावा लागला!

निघताना बाय माझ्यापाशी आली. "'का गो येत न्हायस?' एवढं एक विचारायचं होतं तुला. त्यापायी दर्यातून होडी आणलीस!"

"आनली ना पन?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून एक खांब पाडला तेव्हा कुठं होडी सुटली. आता आमच्या सोसायटीचं गेट गल्लीत सगळ्यात रुंद आहे. मी मात्र तेव्हापासून प्रत्येकाला एकच सांगतो, की होडी मी मुद्दाम मोठी आणली होती. बायला अडवायचं होतं, म्हणून मापात तसा डाव टाकला! महेश हसतो, नेहा पदराआड हसते, इनास तर पोट धरून हसतो. अख्ख्या घरात ही गोष्ट मन लावून ऐकणारं आणि पुरती खरी मानणारं एकच माणूस आहे, माझी धाकटी नात. आणि तिला अजून दात आलेले नाहीत.